हात खाली घेतल्यावर

दादा, आज मला इतका राग आला आहे की तो कुणावर काढावा म्हटलं तर घरात तेवढ्या योग्यतेचं माणूस नाही. तुमच्या जावयांनी माझा चेहरा पाहिला, चहा करून पुढ्यात ठेवला आणि पेट्रोल भरायचं निमित्त काढून ते बाहेर सटकले. तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की तुमची आठवण निघाली तरी कुणाचे डोळे भरून येत नाहीत. पण कुणाशी खडाजंगी झाली की मला अजून तुम्हीच लागता. शाळेत तुम्हाला गुरुजी म्हणायचं आणि घरी दादा, ही तुमचीच शिस्त. आज कोणत्या नात्यानं बोलते आहे ते माझं मलाही सांगता येणार नाही, तेव्हा दोघांनीही ऐकून घ्या.

मी लातूरला एका खाजगी संस्थेच्या शाळेत मराठी शिकवते. परिपाठ माझ्याकडे आहे, म्हणजे शाळा भरताना मैदानावर राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार हे जे चालतं ते सगळं. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना मागच्या महिन्यात स्फूर्ती झाली. त्यांनी प्रतिज्ञेचं भलंमोठं फ्लेक्स छापून आणलं आणि झेंड्याच्या खांबामागे लावलं. वर आपली नेहमीची प्रतिज्ञा, आणि शेवटच्या जयहिंदच्या आधी स्वतः रचलेल्या दोन ओळी घुसडलेल्या. ‘या देवभूमीच्या देवतांपुढे मी रोज नतमस्तक होईन. जो त्यांना वंदन करतो, तोच माझा बांधव.’ दादा, ज्या प्रतिज्ञेची सुरुवातच सगळ्या भारतीयांना बांधव म्हणून होते, तिच्याच शेपटाला ही ओळ. वरच्या ओळीत सगळ्यांना घरात घ्यायचं आणि खालच्या ओळीत दाराला कडी घालायची. सहावीच्या पोरानं निबंधात असं लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारून वही परत केली असती. इथे सतरा सप्टेंबरपासून ते रोज म्हणायचं ठरलं, अध्यक्षांचं अभिनंदन झालं, पेढे वाटले गेले. मी माझा पेढा शिपाईमामांना दिला.

मला देवाचं वावडं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या घरात खंडोबाचे टाक धुतल्याशिवाय तुम्ही पाण्याचा घोट घेत नव्हता आणि आता ते टाक माझ्या देव्हाऱ्यात आहेत. आमच्या शाळेत प्रार्थना होते, सरस्वतीपूजन होतं, त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढलेला नाही. पण प्रतिज्ञेत ती ओळ बघितली आणि मला बिलोलीकडच्या आपल्या गावातली शाळा दिसली. दोन खोल्या, पुढे लिंबाचं झाड, आणि झाडाखाली रांगेत आम्ही. त्या रांगेत कुणी घरी तेलुगू बोलणारं, कुणी उर्दू, कुणी वडाराचं, कुणी पाटलाचं. तुम्ही हजेरीच्या क्रमानं रोज एकाला पुढे बोलावता. हुशार पोरगं असो की बोबडं, आलेली पाळी चुकत नाही. ते पोरगं प्रतिज्ञा सांगतं, आम्ही उजवा हात पुढे करून मागून म्हणतो. जयहिंद झालं की तुमचा आवाज येतो, “हात खाली.” मग थोडं थांबून, “आता ज्याचं त्याचं.”

त्यानंतरचा मिनिटभर वेळ आमचा. बहुतेक जण हात जोडायचे. जैन कासाराची पोरगी आमच्याबरोबरच हात जोडायची पण नवकार मंत्र म्हणत ओठ जोरजोरात हलवायची. उर्दू बोलणारी पोरं तळवे उघडून छातीजवळ धरायची. एक पोरगा काहीच करायचा नाही, नुसता झाडावरचे पोपट बघत राहायचा, आणि त्यालाही तुम्ही कधी टोकलं नाही. तुमचा नियम साधा होता. हात पुढे असेपर्यंत जे बोलायचं ते सगळ्यांनी मिळून, सगळ्यांना लागू होईल असं. देवाशी बोलायचं ते हात खाली घेतल्यावर, मनात. मी डोळे किलकिले करून तुमच्याकडे बघायचे. आमच्या घरातला सगळ्यात देवभोळा माणूस त्या मिनिटात हात जोडत नाही, याचं मला नवल वाटायचं. तुम्ही दोन्ही हात पाठीमागे बांधून, मान ताठ ठेवून आमच्याकडे बघत उभे असायचा. मला ती तुमची ऐट वाटायची, आणि खरं सांगायचं तर त्या ऐटीचा मला अभिमान होता.

मग तो सरपंचांचा दिवस. त्यांनी शाळेला लाऊडस्पीकर दिला होता आणि बदल्यात त्यांची एकच इच्छा होती, प्रतिज्ञा संपताना पोरांनी हात पुढे ठेवूनच ग्रामदैवताचा जयघोष करावा. तुम्ही म्हणालात की जयघोष जरूर करू, जत्रेत करू, देवळात करू, प्रतिज्ञेत नाही. सरपंच भडकले, म्हणाले, गुरुजी लई शहाणे झाले, देवाला नाही म्हणून राहिले. आम्ही पोरं भिंतीला चिकटून ऐकत होतो. तुम्ही आवाज चढवला नाही.

“सरपंच, देवळात मी तुमच्या मागं हुबा राहतो. हितं तुम्ही लेकरायच्या मागं हुबं राहा.”

लाऊडस्पीकर दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून परत गेला. संध्याकाळी आई चुलीपुढे भाकरी थापत होती आणि तुमच्यावर धुसफुसत होती. देवाचंच तर नाव होतं, त्यात एवढं काय बिघडणार होतं, गावातल्या मोठ्या माणसाशी वाकडं घेऊन आपल्याला काय मिळणार. तुम्ही ताटात दोडक्याची भाजी घेतलेली, घास हातातच. तेव्हा तुम्ही सांगितलंत की निजामाच्या राज्यात तुम्ही शाळेत होता तेव्हा रोज सकाळी रांगेत उभं राहून हुजुरांच्या सलामतीसाठी उर्दूतून दुआ मागावी लागायची. तुमचा आवाज खणखणीत, म्हणून मास्तर तुम्हालाच पुढे उभं करायचे. एकदा तुम्ही ती दुआ शेतात ढोरांमागे फिरताना सहज गुणगुणत होता आणि आजोबांनी ऐकली. रात्री ते तुमच्याकडे पाठ करून जेवले.

“दुआ वाईट नव्हती,” तुम्ही आईला म्हणालात. “देव कुणाचाबी वाईट नसतोय. पण तो माझ्या तोंडात हुकमानं आला. मला कुणी विचारलंच न्हाई. तसला देव मी दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडात कोंबू व्हय?”

आईनं भाकरी उलटली. पुढच्या जूनमध्ये तुमची बदली झाली, थेट किनवटच्या टोकाला, इस्लापूरकडे. शनिवारी उशिरा यायचा, रविवारी दुपारी डबा घेऊन परत एस.टी.त बसायचा. बदली कुणी केली हे सगळ्या गावाला माहीत होतं. आई त्यावरून तुम्हाला बोलायची, तुम्ही सहस्रकुंडच्या धबधब्याच्या गोष्टी सांगून तिला हसवायला बघायचा, आणि ती हसायची नाही.

आता आजचं सांगते. आज सतरा सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन. तुम्ही या दिवशी पांढरं धोतर नेसायचा आणि आम्हाला सांगायचा की आपला देश स्वतंत्र झाला तेव्हा आपण नव्हतो झालो, आपल्याला आणखी वाट बघावी लागली. परिपाठाची पाळी मी तुमच्यासारखीच हजेरीच्या क्रमानं देते. आजची पाळी सहावीतल्या एका मुलीची होती. मुसलमानाघरची आहे, आई दवाखान्यात नर्स आहे. मुलीचा आवाज असा की माईक नसला तरी चालेल. गेल्या आठवड्यात तालमीत ती प्रतिज्ञा म्हणत होती. त्या दोन ओळी आल्या आणि ती थांबली. मुख्याध्यापिका शेजारीच होत्या. त्यांनी तिला गोड आवाजात समजावलं की अगं, नुसते ओठ हलवले तरी चालतात, बाकीची मुलं म्हणतील. दादा, शपथ घेताना ओठ हलवायचे! खोटी शपथ कशी घ्यावी हे शाळा शिकवते आहे, तेही प्रेमानं, डोक्यावरून हात फिरवून. माझं डोकं तिथेच फिरलं होतं, पण ती मुलगी माझ्याकडे वळली आणि तिनं अगदी साधेपणानं विचारलं.

“मॅडम, त्या ओळीला मी हात खाली घेऊ का?”

तिला तुमच्याबद्दल काही माहीत असण्याचा संबंधच नाही. मी तिला वर्गात पाठवलं आणि प्रयोगशाळेच्या मागे जाऊन उभी राहिले. रडू आलं, ते दुःखाचं नव्हतं, चिडीचं होतं. बारा वर्षांच्या पोरीनं आपल्याच शाळेत, आपल्याच देशाच्या प्रतिज्ञेत कुठे अंग चोरायचं याची परवानगी मागावी, आणि ती मागताना तिचा चेहरा असा असावा की जणू खडूच मागते आहे.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी सुचवलं की या वेळी पाळी दुसऱ्या मुलीला द्या, उगाच पोरीची कुचंबणा नको. बघा, कुचंबणा आपण करायची आणि उपकारही आपणच करायचे. मी सरळ अध्यक्षांकडे गेले. माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत आहे. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, मुलांची चौकशी केली, आणि म्हणाले की मॅडम, मुक्तिसंग्राम कशासाठी झाला मग? आपला देव आपल्याला मोकळेपणानं घेता यावा म्हणूनच ना? मला वाटलं, आता यांना तुमची गोष्ट सांगावी. निजामाची दुआ, आजोबांचं पाठ करून जेवणं, सगळं सांगितलं. त्यांनी फार लक्ष देऊन ऐकलं. मग खुर्ची पुढे ओढून दबक्या आवाजात म्हणाले, “मॅडम, वडील निजामाची दुआ म्हणायचे, हे बाहेर कुठं बोलू नका. लोक काय म्हणतील?” मला हसावं की टेबलावरचं काचेचं वजन उचलावं ते कळेना. एवढी गोष्ट सांगितली आणि या माणसाला त्यातून कळलं काय, तर माझी अब्रू सांभाळायला हवी.

आज सकाळी झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं. पाळी मी बदलली नव्हती. ती मुलगी माईकपुढे आली आणि हात पुढे करून म्हणायला लागली. सगळं मैदान मागून म्हणत होतं. अध्यक्ष पहिल्या रांगेत, त्यांचाही हात पुढे. जुनी प्रतिज्ञा संपली, त्या दोन ओळींच्या अलीकडे ती श्वास घ्यायला थांबली, आणि मी पुढे होऊन माईक माझ्याकडे घेतला. जयहिंद म्हटलं. मग तुमचे शब्द म्हटले, जसेच्या तसे. “हात खाली. आता ज्याचं त्याचं.”

पोरांना काय, मास्तरीणबाई सांगतील ते खरं. सगळे हात एकदम खाली आले. कुणी हात जोडले, कुणी तळवे उघडले, कुणी शेजाऱ्याला चिमटा काढला असेल. त्या मुलीनं तिचे तळवे उघडले आणि डोळे मिटले. पहिल्या रांगेत अध्यक्षांचा एकट्याचा हात पुढे राहिला होता. त्यांनी त्यांच्या दोन ओळी सुरू केल्या, पण मागून कुणी म्हणेना, तेव्हा दुसऱ्या ओळीच्या मध्येच त्यांचा आवाज विरला.

दुपारी मला बोलावणं आलं. परिपाठ माझ्याकडून काढून घेतला आहे. शिस्तभंगाबद्दल उद्या सकाळपर्यंत लेखी खुलासा द्यायचा आहे, आणि तो समाधानकारक वाटला नाही तर संस्था माझा विचार करील म्हणे. आमच्या शाळेला अनुदान नाही दादा, संस्थेनं विचार केला की माणूस घरी बसतं. मुलाचं इंजिनिअरिंगचं हे शेवटचं वर्ष आहे. आणि उद्या सकाळी ते फ्लेक्स तिथेच असणार, दुसरं कुणीतरी माईकपुढे असणार, आणि ती पोरगी रांगेत उभी राहून आपला हात कुठे ठेवायचा ते ठरवत असणार. मला हे सहन होत नाही. मी खुलासाच लिहायला बसले होते. ‘मा. अध्यक्ष’ असं लिहिलं, खोडलं, आणि त्याखाली हे सगळं तुम्हाला लिहून बसले. हे कुणाला द्यायचं नाही. खुलाशात मी एवढंच लिहिणार आहे की प्रतिज्ञा पूर्ण झाली होती, म्हणून हात खाली घ्यायला सांगितले.

एक मात्र तुम्हालाच सांगते. आज त्या मिनिटात मीही हात जोडले नाहीत. माईक स्टँडवर ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की माझे हात कापताहेत, चांगले दिसण्याइतके कापताहेत. पोरांना दिसू नये म्हणून मी ते पाठीमागे घेतले, एकात एक घट्ट धरले आणि मान ताठ ठेवून उभी राहिले. आणि तसं उभं राहिल्यावर मला तुमची ती ऐट कळली, दादा.