घराखालचं पाणी

४ ऑक्टोबर

पोचलो! ब्लोइंग पॉइंटच्या धक्क्यावर फेरीबोटीतून उडी मारली तेव्हा चक्क शीळ घालत होतो. समोर व्हर्लिन, कमरेवर हात. पहिलं वाक्य, गाढवा, कॉलेज सोडलंस? दुसरं, कुणाला विचारून? तिसरं इथे लिहिण्यासारखं नाही. फेरीची अख्खी रांग वळून बघत होती आणि मी वेड्यासारखा हसत होतो. बार्बाडोसला वर्गात आमचं प्रेम असंच चालायचं. भांडलो नाही तो दिवस फुकट गेला असं वाटायचं. वादळानंतर मावशीकडे बघायला म्हणून ती इथे, अँग्विला बेटावर परतली आणि त्या वर्गात मला श्वास घेववेना. सोडलं कॉलेज. सेंट किट्सला घरी आईला अजून कळवलेलं नाही.

तिची मावशी, मिस आयन्थी, ओसरीवर वाट बघत बसलेली. सेंट किट्समधल्या मुली संपल्या का रे, म्हणाली. मग गरम तळलेले जॉनीकेक पाव आणि खारा मासा पुढ्यात ठेवला. मागची खोली दिली, पण बजावलं की तुझ्या आणि माझ्या भाचीच्या दाराच्या मध्ये माझी खाट आहे, आणि माझी झोप मांजराची आहे. ही बाई भयंकर आहे. बायकांच्या टोप्यांवर प्रवचन झोडणाऱ्या पाद्र्याला हिनं भर चर्चमध्ये चप्पल फेकून मारली होती. व्हर्लिनचा तापट स्वभाव कुठून आला ते कळलं.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीत झाकण आहे, खाली घराएवढी टाकी. छपरावरचा पाऊस सगळा तिच्यात. बादलीनं शेंदून प्यायलो. थंडगार, गोड.

बाहेर नखाएवढ्या बेडक्या शिट्ट्या मारताहेत. आमच्याकडे मारतात तशाच. घरी असल्यासारखं वाटतंय.

७ ऑक्टोबर

काम मिळालं. वादळानं हॉटेलच्या बागेतले सगळे ताड उपटून नेले, आता फ्लोरिडाहून वाढलेले ताड कंटेनरमधून येताहेत. बागेचा ठेकेदार ऑल्टन ब्रूक्स. काळा चष्मा, कडक इस्त्री, आणि हसतो असा की मुस्काटात द्यावीशी वाटते. म्हणाला, कॉलेज सोडलेला माणूस खड्डे खणायला उत्तम, स्वतःसाठी एक तो आधीच खणून आलेला असतो. गडी हसले. मी दात खाल्ले.

कंटेनर उघडला तर ताडांच्या झावळ्यांत बेडूक. तळहाताएवढे, राखाडी, बोटांच्या टोकांना चकत्या. एकाच्या डोक्यावर गड्यानं बोट घासून दाखवलं, कातडी हलतच नाही, हाडाला चिकटलेली. एक माझ्या मानेवर बसला. तो ओढून काढला आणि त्याच हातानं डोळा पुसला. दिवसभर डोळ्यात मिरची.

मी फावडं उगारलं तर ऑल्टननं हात धरला. मारू नकोस, झुरळं खातात, पगार मागत नाहीत, तुझ्यापेक्षा बरे. आणि जाता जाता, आमची व्हर्लिन कशी आहे?

आमची!

१० ऑक्टोबर

आज ऑल्टन घरी आला. हातात रंगाचा डबा, वर फडकं बांधलेलं.

डास होऊ नयेत म्हणून इथे प्रत्येक टाकीत दोनचार बारके मासे सोडतात. मिस आयन्थीचे मासे वादळात मेले आणि दुसरे मिळेनात. तर ह्या शहाण्यानं मासे नाहीत म्हणून बेडूक आणले! माझ्या डोळ्यांदेखत झाकण उचलून डबा टाकीत उपडा केला. प्यायच्या पाण्यात! आणि मिस आयन्थी म्हणते, देव तुझं भलं करो, बाळा.

मी ओरडलो. ती म्हणाली, ओरडू नकोस. ह्या शिट्टीवाल्या बेडक्यासुद्धा कुणाच्या तरी होडीतून आल्या, माझी आजी सांगायची. तूसुद्धा होडीतूनच आलास, तुला कुणी हाकललं?

पण व्हर्लिन माझ्या बाजूनं उभी राहिली. ऑल्टनला तिनं जे ऐकवलं त्यानं त्याच्या शर्टाची इस्त्री गेली. तुझ्या तिजोरीत नेऊन सोड की हे, म्हणाली. संध्याकाळभर मी तरंगत होतो. तरीही ती त्याच टाकीतलं पाणी पीत राहिली, दुसरं आणायचं कुठून म्हणाली. मी मात्र शपथ घेतली. त्या माणसाचा हात लागलेल्या पाण्याचा थेंबही पिणार नाही. दुकानातल्या बाटल्या आणतो. निव्वळ रागापायी.

१६ ऑक्टोबर

पाऊस थांबत नाही. फरशीखालून आवाज येतो, गंजलेलं दार कुणी सावकाश उघडतंय असा. आधी एक दार होतं. आता अख्खी चाळ.

बाहेरच्या शिट्ट्या बंद झाल्यात. सकाळी पन्हळीच्या तोंडाशी एक राखाडी बसला होता, जबड्याच्या कडेनं बारीकसा पाय बाहेर, अजून झटके देत होता. मी दगड घातला. दुपारी तिथे दुसरा.

मिस आयन्थीचा आवाज बसलाय. व्हर्लिन सारखे डोळे चोळते.

दुकानासमोर डॉमिनो खेळणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारलं, हे बेडूक गावभर झाले, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? मिस्टर युस्टस म्हणाले, हे? हे तर आमच्या लहानपणापासून आहेत. मी म्हणालो, लहानपणापासून कसले, परवा ऑल्टनच्या कंटेनरमधून उतरले, मी स्वतः उतरवले! त्यांनी सोंगटी लावली आणि हसले. बाकीचे हसले. सगळे एकसारखे, ओठ न उघडता.

ऑल्टननं गावभर बेडकांचे डबे वाटलेत. फुकट. परोपकारी!

२० ऑक्टोबर

शेजारच्या बकऱ्यांनी मिस आयन्थीची तुरीची झाडं फस्त केली. मी झाडू आणून तिच्या हातात दिला. तिनं तो भिंतीला टेकवला आणि म्हणाली, खाऊ देत, त्यांनाही पोट आहे.

ही? चप्पल फेकणारी?

ताप असेल म्हणून कपाळाला हात लावला. थंड. आणि कातडी — कातडी बोटाखाली हलली नाही. हाडाला चिकटलेली. मी हात काढला तर ती म्हणाली, ठेव की, गार वाटतं.

मग व्हर्लिनकडे गेलो. भांडण उकरून काढलं. तुझा आवाज बेसूर आहे म्हणालो, ऑल्टनशीच लग्न कर म्हणालो. ती ऐकत राहिली. शेवटी तिच्या आईचा निळा कप, जो ती मला धुवायलाही देत नाही, तो मी जमिनीवर आपटला.

मार मला, म्हटलं. बोल काहीतरी!

ती म्हणाली, हो, फुटला. आणि तुकडे गोळा केले.

ही माझी व्हर्लिन नाही. माझी व्हर्लिन ह्या क्षणी माझे केस उपटत असती. त्या बेडकांनी तिचा राग प्यायलाय, आणि राग म्हणजेच ती. मी बाहेर जाऊन पन्हळीला लाथा घातल्या, पाय सुजला. बरं वाटलं. दुखतंय म्हणजे मी अजून मीच आहे.

२३ ऑक्टोबर

भर दुपारी व्हर्लिन झाकण उघडून काठावर बसलेली. पाय पाण्यात. खाली आवाज चाललेला आणि तिचा गळा त्याच लयीत फुगत होता. पापणी लवत नव्हती.

ओढून बाजूला केली. झाकणाला खिळे ठोकले, बादली झुडपात फेकली. आता तिला फक्त बाटलीचं पाणी, मी पाजेन तेवढंच. मिस आयन्थी बघत बसली होती. अडवलं नाही. तिला काय, शेजारच्या टाकीतही तेच पाणी आहे.

ऑल्टनच्या तोंडावर काम फेकून आलो. त्याची कॉलर धरली. सोडवायला एक गडी पुढे आला नाही. ऑल्टनही झटकेना. काळा चष्मा खाली पडला. डोळे सोनेरी, बाहुली आडवी.

३१ च्या फेरीत जागा मिळाली, त्याआधी नाही. तिला उचलून न्यावी लागली तरी नेणार.

२५ ऑक्टोबर

पण पळून जायचं आणि हे असंच सोडायचं? नाही. दुकानातलं सगळं ब्लीच आणलंय. भर उन्हात, शिडी लावून उतरतो. एकेकाला —

संध्याकाळ.

भिंती दिसत नव्हत्या. थरावर थर. मी शिडीवर पाय ठेवला आणि आवाज थांबला. सगळी तोंडं माझ्याकडे. मी शिव्या देत ओतत सुटलो. ते मेले नाहीत. आले. छातीवर, डोळ्यांवर, तोंड दाबून — शिडी निसटली —

पाणी नाकात गेलं. पोटात गेलं. किती, माहीत नाही.

वर आलो. ओकलो. पुन्हा खिळे ठोकले. राग आहे. अजून आहे. भरपूर आहे.

२७ ऑक्टोबर

विसरू नये म्हणून लिहून ठेवतो. मी ऑल्टनवर चिडलोय. कारण कंटेनर. कारण टाकी. कारण तो तिला आमची म्हणाला. आमची म्हणाला तर —

त्यात एवढं —

नाही. नाही! चिडलोय मी.

घसा बसलाय.

२८ ऑक्टोबर

व्हर्लिनच्या कपाळाला आज आठी पडली. बाटलीचं पाणी कोमट आहे म्हणाली. ह्याचा मला आनंद व्हायला हवा होता, असं आठवतं.

डोळे चुरचुरतात. ऊन नको वाटतं.

२९ ऑक्टोबर

तिनं विचारलं, माझा कप कुणी फोडला? सांगितलं. तिनं चप्पल फेकली, लागली. कानाला रक्त. मी चप्पल उचलून नीट ठेवली. ती तोंडावर हात दाबून रडायला लागली.

ऑल्टन आला होता. हात मिळवला. गार हात. चांगला माणूस आहे.

३० ऑक्टोबर

खिळे काढले. पाणी असं कोंडून ठेवणं बरं नाही. खालचा आवाज मोकळा झाला. दारासारखा वगैरे काही नाही तो. आधीपासून असाच आहे —

३१ ऑक्टोबर

व्हर्लिन सकाळपासून ओरडतेय. तिच्या हातात दोघांच्या पिशव्या. फेरी सुटेल म्हणते. ऊठ रे, मूर्खा, चिड की माझ्यावर, शिवी तरी दे, तुझ्याशिवाय मी जाणार नाही. माझे केस धरून ओढतेय. माझ्या कपाळावर हात फिरवून किंचाळली. आता दारातच बसलीय, ओठ कोरडे, आवाज फाटलेला. बाटल्या सगळ्या संपल्यात.

एवढं ओरडून घसा सुकला असेल बिचारीचा. बादली झुडपातून आणून टाकीतून भरलीय. थंडगार आहे, गोड आहे. तिला घोटभर —