वाळ्याची भिंत

७ जानेवारी
घरामागचा उतार पुन्हा सुटला. घमेलंभर माती सौ.च्या शिवणखोलीच्या खिडकीखाली. सौ. म्हणाली, गवंड्याला बोलवा, भिंत घालू. पावसाळ्यात मशीन गाडलं गेलं तर गिऱ्हाइकांचे ब्लाउज तुम्ही शिवणार का? प्रश्न असभ्य.
संकल्प: भिंत नाही, वाळा. मुळं पुरुषभर खोल जातात, माती मुठीत धरतात. संस्कृतात या गवताला उशीर, नलद, सेव्य, अभय अशी नावं आहेत. सिमेंटला एकही नाही.

८ जानेवारी
गवंडी आलाच. म्हटलं, गवत लावतोय. म्हणाला, माझी म्हैस असती तर सल्ला दिला असता. असले लोक भिंती बांधतात!
शेजारी निवृत्त इंजिनिअर आहेत. मी मनात त्यांना सिमेंटमहर्षी म्हणतो. उतार दोघांच्याही मागे आहे, मिळून भिंत घालू या का, म्हणाले. म्हटलं, जरा निसर्गाकडे बघा. त्यांनी चष्मा लावून बघितलं. लक्षणा कशाशी खातात हे यांना ठाऊक नाही.

१९ जानेवारी
वाळ्याचे ठोंब लावले. रोपवाटिकावाल्या बाई म्हणाल्या, दाट लावा, पाणी घाला आणि विसरून जा. विसरणं ही आळशांची साधना. मी जन्मभर पोरं शिकवली. परीक्षेशिवाय काहीही वाढत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
पहिली चाचणी. सगळे ठोंब उपटून मुळं पाहिली. बोटभर. हुंगली, मातीचा वास. परत रोवले. दोघे अगदीच ढ होते, ते कुंपणापलीकडे भिरकावले.

९ मार्च, रविवार
दर रविवारी परीक्षा चालू. मुळं मागच्या खेपेपेक्षा आखूड! गवतही कामचुकार असतं, हे एकाही ग्रंथात नाही.
सौ. म्हणाली, पोराला सारखं झोपेतून उठवून उंची मोजली तर ते वाढेल कसं? सौ.चा विज्ञानाशी संबंध दहावीतच तुटला.

२७ एप्रिल, रविवार
अख्खी वरची ओळ नापास. सगळी कुंपणापलीकडे. सिमेंटमहर्षी तिकडे ठोंब वेचून टाचेनं दाबत होते. त्यांनी विचारलं, तुम्हाला नको असतील तर राहू देत का इथेच? उदार मनानं हो म्हटलं. ज्याची जशी योग्यता.
दुपारी नवे ठोंब आणले. हे घराण्याचे वाटतात.

१८ मे
वर्तमानपत्राला लेख: ‘भिंतीचा अंत’. शीर्षक फक्कड जमलं. मजकूर पावसाळ्यानंतर.

२ जून
आभाळ भरलंय. सौ. म्हणाली, मशीन हलवते. माझ्यावर अविश्वास! छातीठोकपणे सांगितलं, उतार तसूभर हलला तर माझी अभ्यासिका तुझी. सौ. कन्येला म्हणाली, ऐकलंस ना गं?

१७ जून, सकाळ
चहा घेत होतो. धाडकन आवाज. उतार खिडकीसकट शिवणखोलीत आला. सौ.च्या कापडं बेतायच्या टेबलावर चिखल आणि चिखलावर माझे ठोंब. मुळं पाहिली. बोटभर. घराणंही कामाला आलं नाही.
मशीन मात्र खोलीत नव्हतं. कालच मायलेकींनी हलवलं म्हणे. कुठे, ते गडबडीत विचारायचं राहिलं.

१८ जून
कळलं. शब्दकोशांवर अस्तराचे तागे आहेत. ही नोंद ओट्याच्या कोपऱ्यावर, कुकर सांभाळत लिहितोय.
शेजारचा उतार जागच्या जागी. माझे नापास विद्यार्थी तिथे छातीभर उंच उभे आहेत, निर्लज्जासारखे. सिमेंटमहर्षी स्वतः पाटीभर फुटवे घेऊन आले. म्हणाले, तुमचेच आहेत, परत लावा. फक्त उपटून बघू नका. पाटी सौ.नं घेतली. माझ्या हातात दिली नाही.

२२ जून, रविवार
सौ.नं फुटवे लावले. मला मागच्या दारी जायला बंदी. गिऱ्हाइकांची कामं तुंबली आहेत, तर बसल्या बसल्या बटणं लावा, म्हणाली. हे काय काम आहे! कोणीही करील.
एक लावलं. घट्ट बसलं का, म्हणून ओढून पाहिलं.
निघालं.