गावपळणीतली शाळा

मुक्काम खाडीपलीकडे,
ता. ११ डिसेंबर १९५८

ती. आनंदीताईस,

सीतेचा नमस्कार. मी नि मथुरा, आम्ही मायलेकी खुशाल आहोत, फक्त गावात नाही. हसू नको. देवाचा कौल झाला आणि गावपळण लागली. माणसं, गुरं, कोंबड्या, सगळा गाव वेशीबाहेर झोपड्यांत. तुमच्याकडे ही रीत नाही, भावोजींना खोटंच वाटेल. निघताना मागे वळून पाहिलं तर एकाही घरातून धूर नाही. अख्खा गाव देवाला मोकळा करून दिलेला.

तुमच्या इन्सुलीच्या शाळेत बदलीसाठी तू पाठवलेला अर्ज पोचला. त्याचं शेवटी लिहिते.

शाळा बंद, पण पोरं गप्प बसतात होय? सगळी माझ्या झोपडीपुढे. मग मीच खेळ काढला: सकाळपासून काय काय केलंत ते सांगा आणि ते कुणी दिलं ते शोधा. वर्गात ह्याच धड्याला जांभया देतात मेली. इथे दुकान नाही, विहीर नाही, सगळं डोळ्यांदेखत. दात घासले ते आंब्याच्या पानाने. झोपडी माडाच्या झावळांची, बांधली ती काथ्याने. पाणी झऱ्याचं. बाबलीने तर गाईलाच ओढत आणून उभी केली, कारण चुलीतल्या शेणी तिच्या. हसून हसून पुरेवाट झाली. पण मोजता मोजता माझ्याही ध्यानात आलं. ताई, आपण म्हणतो मी रांधलं, मी वाढलं. आपण नुसतं ढवळतो गो.

शेवटी पेजेवर आलो. पेज तांदळाची, तांदूळ भाताचे, भात पावसाचं.

"बाई, पाऊस खंयसून येता?" लक्ष्मीने विचारलं.

ह्यांचा पडाव रेडी बंदरासमोर बुडाला, ह्यांचा देहसुद्धा हाती लागला नाही, तेव्हापासून मी वर्गात समुद्र हा शब्द काढलेला नाही. भूगोलातलं ते पान पोरांना घरी वाचायला सांगते. मथुरेसमोर तर नाहीच नाही. आणि इथे वाट्याला आलेली झोपडी नेमकी किनाऱ्यावर, दारातून दुसरं काही दिसतच नाही. सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. मथुराही.

मी म्हटलं, समुद्रातून. उन्हाने पाणी वर जातं, त्याचे ढग होतात, डोंगराला अडतात आणि आपल्या मळ्यात पडतात.

मथुरेने हातातल्या वाटीतल्या पेजेकडे पाहिलं. मग म्हणाली, "आये, मगे बाबा पण पावसातसून आपल्या शेतात येतत?"

ताई, हे गेल्यापासून पोरीने बाबा म्हणून तोंडातून काढलं नव्हतं. पुस्तकात ह्याचं उत्तर नाही.

"होय गो," मी म्हटलं. "येतत."

तिने मान हलवली आणि पेज पिऊन टाकली. मी सगळ्यांदेखत रडले. मग समोर समुद्राकडे पाहिलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा डोळे भरून. इतका राग धरला होता, तो कुठे गेला कळलंच नाही. केवढा आहे ग तो. आपली सगळ्यांची चूल त्याच्यावर, आणि मला ठाऊक असून कळलं नव्हतं.

आता अर्ज. भावोजींनी एवढी खटपट केली, त्यांना माझ्या वतीने तूच समजाव. मी सही करत नाही. डोंगराआड तुमच्याकडे आले तरी तुझ्या अंगणातला पाऊस इथूनच येणार. मग पळायचं कुठे आणि कशाला? मथुरेला तिच्या वडिलांजवळ वाढू दे.

तुझी, इथेच राहणारी,
सीता