न दिलेल्या भाड्याची पावती

जळोची, मार्च १९९७

प्रिय तात्या,

काल कंपनीतून निरोप आला. घरभाड्याच्या पावत्या शनिवारपर्यंत द्या, नाहीतर पगारातून सगळा आयकर एकदम कापू. पगार करणारा कारकून नवा आहे. कोरी पावती हातात देत म्हणाला, "सोपं हाय की, मॅडम. वडलांच्या घरात राहताय ना? त्यांचीच सही आणा." त्याला काय सांगू? म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

तीन वर्षांपूर्वीही मी अशीच पावती तुमच्यापुढे धरली होती, आठवतं? अख्खं ऑफिस बापाच्या नाहीतर सासऱ्याच्या सह्या आणत होतं. तुम्ही चष्मा लावून ती दोनदा वाचलीत आणि परत दिलीत. मग मी म्हटलं, खरंच भाडं देते, घ्या. तर त्यालाही तयार नाही! "पोरीकडनं भाडं घ्यायचं न्हाय," म्हणालात, "आन घेतलं न्हाय ते लिहून द्यायचं न्हाय." असल्या माणसापुढे कुणी काय करावं?

मी चिडले, आणि त्यात माझं काही चुकलं असं अजूनही वाटत नाही. शेजारचे बागाईतदार अण्णा आपल्या लॉजची कमाईसुद्धा उसात दाखवायचे, कारण शेतीला कर नाही. आमची कंपनी नवी, म्हणून तिला सूट. तिथं झाडणाऱ्या रखमाला काडेपेटीच्या किमतीतही कर भरावा लागायचा, आणि माझा तर पगार हातात पडायच्या आधीच कापलेला. हा कुठला न्याय?

तुम्ही शांतपणे म्हणालात, "माझ्या बापानं जल्मभर गावकी केली, गावाची फुकट कामं. पगारच न्हवता, तर कर कशातनं कापणार? तुझा कापत्यात, म्हंजी तुझी गणती हाय." इंदापूरकडं मास्तरकी करताना तुमचा पहिल्यांदा कर कापला, तेव्हा म्हणे तुम्ही पेढे वाटले होते. मला त्या पेढ्यांचाही राग आला.

आणि मी काय केलं? आई गेल्यापासून घरात आपण दोघंच. तरी मी बारामतीत एसटी आगाराजवळ खोली घेतली, खरी पावती मिळावी म्हणून! वाचला त्या कराच्या कितीतरी पट भाडं गेलं. तुम्ही अडवलं नाहीत. येत जा, एवढंच म्हणालात. मी सणावारी यायचे, तेही घड्याळ बघत.

गेल्या वर्षी पौषात तुम्ही गेलात, तेव्हा घरचं कुणी जवळ नव्हतं. अण्णांनी दार ढकलून तुम्हाला आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. ज्यांच्या नावानं मी बोटं मोडायचे, त्यांनी केलं ते मी केलं नाही. हे कुणाजवळ बोलू, तात्या?

खोली सोडून घरी आलेय. अजून दोघांचाच भात लावते. फार एकटं वाटतं.

शनिवारी पावती कोरीच परत करीन. कापू दे सगळा कर. यापुढंही खोटी सही आणणार नाही, हा शब्द. पण हे न्यायाचं आहे, असं मात्र म्हणणार नाही. तुम्ही असतात तर मला खोडून काढलं असतंत. आता घरात मी काहीही म्हटलं तरी कुणी नाही म्हणत नाही.

तुमची,
सुमन