बाजा आधी ऐकावा, मग भाव सांगावा

मी खाली सही करणारी, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा शिवणकाम, शिक्षण दुसरी (तिसरीतही बसले असते, पण आईला मशीनवर हात हवे होते), हे मृत्युपत्र माझ्याच अक्षरात, राजीखुशीने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरीणबाईंचा कागद जोडला आहे. वकीलबाईंनी छान टाइप करून आणलं होतं, पण त्यात बाजाबद्दल "सदर वाद्य" एवढंच होतं. त्यावर विसंबले असते तर सदर वाद्य भंगारात गेलं असतं. म्हणून मीच लिहिते.

कलम १. राहत्या दोन खोल्या माझ्या पश्चात थोरल्याच्या. खिडकी जोर लावून नाही, जरा उचलून बंद होते. चाळीस वर्षं सांगतेय.

कलम २. शिवणयंत्र सूनबाईला. मला न सांगता ती त्याला तेल घालते, ते मला माहीत आहे. मोठी कात्रीही तिचीच. तिने कागद कापायचा नाही.

कलम ३. बँकेतली शिल्लक लेकीला. ती नको म्हणेल. तरी द्यावीच.

कलम ४. आता बाजा.

आमचे हे मुलींच्या नाचाच्या वर्गात एकतीस वर्षं अकॉर्डियन वाजवत होते. घरात त्याला आम्ही बाजाच म्हणतो. तो विकायचा. आठवण म्हणून कपाटावर चढवायचा नाही. पडून राहिला की भाता आखडतो, आणि यांनी जाताना सांगितलंय, "वाजवणाऱ्याच्या हातात दे." येणाऱ्या पैशांतून नातीला ट्रम्पेट घ्यायचा. दिवसभर गुणगुणते म्हणून तिला आम्ही भुंगी म्हणतो. बाजा गळ्यात घातला तर म्हणते, "आजी, पोटाला फ्रिज बांधल्यासारखं वाटतंय!" ट्रम्पेट मात्र अशी फुंकते की खालचे लोक छताला झाडू ठोकतात आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. आत्ता आहे तो शाळेचा. परीक्षेनंतर परत द्यायचाय.

म्हणून मी जिवंतपणीच विकायला निघाले. चार दुकानं झाली. चौघांनी पेटारा उघडला, चौघांनी नाक मुरडलं, एकानेही पट्टा खांद्यावर घेतला नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार तर बसल्या जागेवरूनच म्हणाला, "आजी, जुना आहे हो. साडेचार हजार देईन. तेही तुमच्या वयाकडे बघून."

"माझं वय कशाला बघता? बाजाचा आवाज ऐका की."

त्याच्याच काचेत एक ट्रम्पेट होता, चांगला पोचा आलेला. किंमत अठरा हजार. एवढी कशी, म्हणून विचारलं तर म्हणे, "जुना आहे ना आजी, असे आता बनत नाहीत!"

माझा जुना म्हणून स्वस्त आणि त्याचा जुना म्हणून महाग. डोकं फिरलं माझं.

त्यात थोरल्याने घोळ घातला. डाव्या हाताची बटणं वाजवणाऱ्याला दिसत नाहीत, चाचपूनच सापडतात. त्यातलं खुणेचं एक बटण तुटलं, तेव्हा मी थोरल्याच्या पहिल्या शर्टाचं चार भोकांचं बटण तिथे चिकटवलं होतं. यांचं बोट भोकांवर टेकलं की बाकीची बटणं आपोआप मिळायची. थोरल्याला वाटलं, त्या शर्टाच्या बटणामुळेच भाव पडतोय. त्याने गुपचूप ते काढून गुळगुळीत नवं बसवलं आणि बाजा त्या दुकानात नेऊन ठेवला. शाळेतले गाण्याचे मास्तर बघायला आले. वाजवायला बसले, तर डावा हात भलतीकडेच. "बिघडलाय," म्हणून निघून गेले. दुकानदाराने लगेच हजार कमी केले.

ते बटण मला धुण्यात सापडलं, थोरल्याच्या खिशात.

"अरे, काय केलंस हे?"

"आई, जरा बरा दिसावा म्हणून..."

"बरा दिसायला त्याचा काय फोटो काढायचाय?"

चिकटवायची ट्यूब घेऊन मी दुकानात गेले. दुकानदार बाहेर गेला होता, गल्ल्यावर पोऱ्या होता. बटण जागच्या जागी लावलं, सुकेपर्यंत तासभर स्टुलावर बसून राहिले, मग मास्तरांना बोलावून घेतलं आणि त्यांचं बोट धरून भोकांवर ठेवलं. मास्तर वाजवायला लागले. काय सांगू! दुकानदार तोवर मागच्या दाराने येऊन आतल्या खोलीत डबा खात होता. तिथूनच ओरडला, "कुणाचा आहे हो? विकायचाय का? बावीस हजार देतो!"

तोंड पुसत बाहेर आला, तर समोर मी.

"आजी, तो भाव मी न बघता सांगितला."

"आणि आधीचा न ऐकता सांगितला होतात."

त्याला तीन आठवडे झाले. रोज "उद्या बघू" म्हणतो. मास्तरांना बाजा हवाय, पण एवढे पैसे त्यांच्याकडे नाहीत. बाजा मी घरी आणलाय. आहे तोवर मी भांडेन. माझ्यानंतर थोरल्याने पाळायचं ते असं: बावीस हजारांच्या खाली द्यायचा नाही. न ऐकता भाव सांगेल त्याला हात लावू द्यायचा नाही. बटण काढायचं नाही. दुकानदाराने पोचा आलेला ट्रम्पेट आणि वर चार हजार दिले, तर चालेल. हिशेब तोच होतो, भुंगीने करून दाखवलाय.

कलम ५. थोरल्यावर माझा राग नाही. खिडकी मात्र उचलूनच लावायची.

कलम ६. साक्षीदाराला आतलं वाचावं लागत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. दुसऱ्या साक्षीदाराला मी वाचायला लावणार आहे. त्याची पँट माझ्याकडे कमरेत सैल करायला आली आहे. ती सहीनंतर मिळेल.

ठिकाण: आमची पुढची खोली, मशीनपाशी.
तारीख: नऊ, मंगळवार, सकाळ.

सही: (आजी)

साक्षीदार १: गाण्याचे मास्तर. आजींनी माझ्यासमोर सही केली. बाजा बिघडलेला नव्हता, चूक माझी.

साक्षीदार २: वाद्यांचा दुकानदार. सही समोर झाली. सगळं वाचलं. ऐकल्यावर बावीस हजार म्हणालो होतो, हे खरं. ट्रम्पेट आणि वर चार हजार मान्य, नातीला आजच पाठवा. पँट मिळाली.