आबांचा दगड चालला

नेकनूर, ४ जून २०२३
चि. रोहिणीस आबांचे अनेक आशीर्वाद.
हिमालयात पोचली असशील. सारी नोकरीभर पोरांकडून हिमालयाच्या कविता चालीवर म्हणून घेतल्या, आणि बर्फ पाहिला तो केजच्या बाजारात, गोळेवाल्याच्या गाडीवर. आता गुडघे ऐकत नाहीत. म्हणून आपल्या विहिरीवरचा काळा दगड पाठवतोय. तुझ्या कामावर ठेव, मीच आलो असं समजेन.
तुझा बाप अजून घुश्शात आहे. एकच हंगाम, मग बीडला कॉलेजात नोकरी, हे त्याचं पक्कं.
लोभ आहे, थंडीत गोठू देऊ नकोस.
आबा

लाहौल, २८ ऑगस्ट २०२३
ती. आबांस रोहिणीचा शि. सा. न. वि. वि.
दगड पोचला. नुसता ठेवला तर उन्हानं तापून बर्फात रुतला असता, म्हणून बर्फात रोवलेल्या बांबूला तारेनं बांधलाय.
विहिरीत खडा टाकून तुम्ही डुबुक कधी येतं ते ऐकायचा ना, आमचं रडार तसंच. लहर खाली जाते, तळाच्या खडकावरून परतते, त्या वेळेवरून बर्फाची जाडी कळते. आपल्या बोअरला पाणी लागलं तेवढं खोल बर्फ माझ्या पायाखाली आहे.
आणि ही हिमनदी चालते, आबा. मोजणीवाले आपल्या बांधावर उपग्रहाचं यंत्र घेऊन आले होते, तसलंच मी बांबूपाशी धरते. पण यंदा नुसती जागा कळली. किती चालली, हे पुढल्या वर्षी पुन्हा मोजल्यावरच कळेल. दादांनी येऊ दिलं नाही तर सगळं अर्धं राहील. तुम्हीच काहीतरी करा.
आशीर्वाद असावा, लोकरीपेक्षा तोच ऊबदार.
रोहिणी

नेकनूर, १२ मे २०२४
चि. रोहिणीस अनेक आशीर्वाद.
मी काही केलं नाही, केलं ते समोरच्या शहादेवनं. हॉटेलात चहा घेताना तुझं पत्र मी सहज मोठ्यानं वाचलं. सहज म्हणजे कसं, ते विचारू नकोस. शहादेव सगळ्यांदेखत तुझ्या बापाला म्हणाला, आरं विजयसिंह, तुमचा दगड चालतो म्हणं? मंग कारखान्यावर ऊसतोडीला पाठीव की, कोयते लई कमी हायती. माणसं हसली. विजयसिंह तडकला, म्हणाला, माझी लेक म्हणती चालतो, म्हंजी चालतो. घरी येऊन तुझं तिकीट त्यानंच काढलं. वर बजावलंय, ही शेवटची खेप.
येताना शहादेवचं तोंड बंद होईल असं काही आण.
आबा

लाहौल, २० ऑगस्ट २०२४
ती. आबांस शि. सा. न. वि. वि.
बर्फ वितळून बांबू वाकला होता, पण तारेनं दगड सोडला नव्हता. दगड अठरा मीटर खाली आलाय. तुमच्या कवितांत हिमालय अढळ असतो, त्याच्या अंगाखांद्यावरचं बर्फ मात्र तुमच्यासारखं निघालं, एका जागी बसवत नाही.
दादांना सांगा, त्यांचा शब्द खरा ठरला. सप्टेंबरअखेर तंबू आवरू. मग बीडच्या नोकरीचं बघेन, कबूल केलंय.
लोभ असावा, मन इथंच राहिलं तरी.
रोहिणी

नेकनूर, ५ सप्टेंबर २०२४
चि. रोहिणीस अनेक आशीर्वाद.
पत्र विजयसिंहानं उभ्यानंच वाचलं. मग टेप घेऊन आपल्या उंबऱ्यापासून अठरा मीटर मोजत निघाला. मोजणी संपली ती शहादेवच्या ओट्यावर. तिथंच बसून राहिला. शहादेव म्हणाला, आता उठतो का आमच्या कारभारणीला तुझी बी भाकर टाकाय सांगू? दोघं हसताना मला आपल्या ओसरीवरून ऐकू येत होते.
सोबत पार्सल आहे. फडक्यात दगड आहे, माझ्या दगडापेक्षा मोठा. विजयसिंहानं बांधावरून स्वतः निवडून आणलाय. नोकरीचं काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, आबांच्या दगडाशेजारी ठेव म्हणावं, अन् दोघांत कोण पुढं गेलं ते पुढच्या साली नीट मोजून सांग म्हणावं.
लोभ आहेच, तो एका दगडानं वाढलाय.
आबा