जिन्यातल्या टेपचा वारसा

मी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, उभ्या हयातीत एकाच रहस्यनाटकाची प्रॉम्प्टर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. नाटकमंडळींपैकी काहींचे मत वेगळे असेल, पण दाखला देण्याचा अधिकार त्यांना नाही.

१. दोन खोल्यांचे राहते घर सामानासह माझ्या मयत धाकट्या बहिणीच्या मुलीस मिळावे. या भाचीला मी चौथ्या वर्षापासून वाढवले. खिडकीची कडी आधी बदलून घे गं, मी नुसतीच म्हणत राहिले.

२. माझ्या निळ्या पेन्सिलीच्या खुणांसह नाटकाची संहिता आमच्या नाटकात इन्स्पेक्टर झालेल्या नटाला, म्हणजे 'इन्स्पेक्टर'ला द्यावी. तीनशेवर प्रयोग करूनही शेवटच्या अंकाआधी हा माणूस विंगेत येऊन मला विचारायचा, "बाई, खुनी कोण ते सांगा पटकन!" आता निवांत वाच म्हणावे.

३. टीव्ही मालिकेच्या दिग्दर्शकास माझ्याकडून काहीही मिळू नये. आमच्या नाटकाची रेडिओवर श्रुतिका झाली, पुढे त्यावरून मालिका. या गृहस्थाने श्रुतिकेतली माझ्या बहिणीची किंकाळी उचलून प्रत्येक भागाच्या सुरुवातीला लावली. मी टीव्ही काढून टाकला, तरी शेजारच्या भिंतीतून ती ऐकू यायचीच. त्या शेजाऱ्यांना घर सोडून वीस वर्षे झाली. अजून येते.

४. कपाटात बिस्किटांच्या डब्यात एक टेप आहे. तीही भाचीचीच. ऐकायची की फेकायची, हे तिने ठरवावे. मला माफ करण्याची अट नाही.

श्रुतिकेच्या ध्वनिमुद्रणाच्या दिवशी किंकाळी घुमावी म्हणून बहिणीला स्टुडिओबाहेरच्या दगडी जिन्यात मायक्रोफोनपुढे उभे केले होते. जिन्यातला आवाज वेगळ्या टेपवर उतरत होता आणि हेडफोनवर एकट्या मला सलग ऐकू येत होता, कारण सगळ्यांना इशारे मीच द्यायची. आमची शिस्त कडक. लाल दिवा असेपर्यंत आभाळ कोसळले तरी दार उघडायचे नाही. किंकाळी बंद दारातूनही आत आली आणि इन्स्पेक्टरने भुवया उंचावून दाद दिली. तालमीत तशी कधीच आली नव्हती. तिचा पाय घसरला होता. साडेतीन मिनिटांनी दिवा विझला, दार उघडले, तेव्हा ती खालच्या पायरीवर होती. जीव गेला होता.

भाचीला मी सांगितले, "जागच्या जागी गेली गं, तिला काही कळलंसुद्धा नाही." या एका वाक्याच्या आधारावर ती मोठी झाली. मागल्या वर्षी म्हणाली, "मावशी, आईचं ओरडणं सगळ्या जगाने ऐकलंय. ती नुसती बोलायची कशी, ते मला कुठे ऐकायला मिळेल?"

"काही उरलं नाही गं," मी म्हणाले. धडधडीत खोटे बोलले.

किंकाळीनंतरही टेप चालूच होती. ती "ताई" म्हणते. थोड्या वेळाने पुन्हा म्हणते, साध्याच आवाजात, आतल्या खोलीतून हाक मारायची तशी. हे मी त्याच वेळी ऐकले. लाल दिव्याकडे पाहिले, हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि इन्स्पेक्टरला त्याच्या पुढच्या वाक्याची खूण केली.

लिहून देणार : (सही)
साक्षीदार : १. तळमजल्यावरचे औषधविक्रेते (सही) २. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही)
दोघांनी मला सही करताना पाहिले. मजकूर वाचलेला नाही.
ठिकाण : राहते घर. दिनांक : १४ मार्च.